अकरा दिवसांचं पाणी

“हात दाखव त्याईले,” गल्ल्यावरून किसनराव म्हणाले.

कोकिळाने कणकेचे हात पदराला पुसले आणि तराजूशेजारच्या फळीवर ठेवले. आधी पालथे, मग उताणे. समोर तानबा उभा होता. सिंदीच्या बाजाराला आला की तेल-मीठ न्यायला तो याच दुकानात यायचा. त्याच्या पिंढरीवर गेल्या दिवाळीपासून गजकर्ण होतं.

“पाह्य,” किसनराव म्हणाले, “पंधरा दिवसांआधी याच बोटाईतून रगत येत होतं. आता पाह्य कशी झाली. नव्या नवरीची बोटं.”

“कोन्तं मलम लावलं?”

“मलम कायचं बाप्पा! ऊनझरीचं गरम पाणी. अकरा दिवस बसाचं कुंडात. दरसाल पाठवतो मी इले. बायकोसाठी कोनी करते काय एवढं?”

तानबाने वाकून बोटं पाहिली. “खरंच फरक पडते काय व वहिनी?”

“लय गुन हाय पान्यात,” कोकिळा म्हणाली आणि आत गेली. सहा वर्षं ती हेच वाक्य सांगत आली होती, आणि त्यात ती कुठे अडखळत नव्हती.

दुकानामागे टिनाची खोली होती. तिथे ‘चांदणी’ पावडर व्हायची. कपडे धुण्याची ही पावडर सिंदीत, सेलूत, थेट जामच्या चौकापर्यंत खपायची. सोड्याचं पोतं फरशीवर ओतायचं, त्यात काकवीसारखं काळं, चिकट स्लरीचं रसायन घालायचं आणि दोन्ही हातांनी मळायचं. एक दिवस सुकू द्यायचं. मग तळव्याने गाठी फोडायच्या, चाळायचं, पिशव्या भरायच्या आणि मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवायचं. हे काम कोकिळा एकोणीसशे एकोणनव्वदपासून करत होती. आधी बोटांच्या पेरांना खाज सुटली, मग कातडी कडक झाली, मग भेगा पडल्या. रबरी हातमोजे आणून पाहिले. ते घालून पातळ पिशवीचं तोंड उघडत नव्हतं, दिवसाला दोनशेच्या जागी साठ पिशव्या व्हायच्या. मोजे खिळ्याला टांगले गेले ते तिथेच राहिले.

ब्याण्णव साली शेजारच्या आनंदाबाई गुडघ्यांसाठी ऊनझरीला निघाल्या. यवतमाळ ओलांडून, पैनगंगेच्या अंगाला. त्यांचा मुलगा त्यांना एकटीला सोडायला तयार नव्हता. सोबतीला म्हणून कोकिळा गेली आणि हात बरे करून आली.

तेव्हापासून दर माघात अकरा दिवस. पहाटे कुंडावर वाफ असायची, काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास. बायकांचं कुंड वेगळं, भिंतीवर पाटी: साबण लावू नये. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की कंबर आपोआप ढिली पडायची. घरी ती सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर घंगाळात उरेल त्या पाण्यात न्हायची. इथे पाणी संपतच नव्हतं. अनोळखी बायका एकमेकींच्या पाठी चोळायच्या, सासवांच्या नकला करायच्या. धर्मशाळेत खिचडी मिळायची. दुपारी ती झोपायची. दुपारची झोप तिला लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच लागली.

पंच्याण्णव साली ती आणि आनंदाबाई पोचल्या तेव्हा कुंड रिकामं होतं. गाळ काढायचं काम निघालं होतं, माणसं टोपल्यांनी चिखल बाहेर नेत होती. परत जायचं दोघींच्याही मनात आलं नाही. निंबाखाली बसल्या, चहा प्याल्या, झोपल्या. सहाव्या दिवशी भेगा मिटल्या. नवव्या दिवशी नवी कातडी आली.

कोकिळाने हात उन्हात धरून पाहिले. “आनंदाबाई, पान्याचा थेंब नाई लागला.”

“मंग घरी काय सांगशीन?”

“मी काऊन सांगू?”

दोघी निंबाखाली इतक्या हसल्या की गाळवाल्यांनी वळून पाहिलं.

त्या दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं. पावडरीतून हात काढले की ते बरे व्हायचे. हे घरी सांगितलं असतं तर काम कदाचित बदललं असतं. ऊनझरी मात्र नक्की बंद झाली असती. हात फुटले नसते तर ते अकरा दिवसही नसते. तिने अकरा दिवस निवडले. नुकसान झालं तर आपल्याच हातांचं, असं तिने धरलं होतं.

औंदा तिच्यामागे अकरा दिवस पावडर मोहिनीने केली. मोहिनी तिची सून, मुकेशची बायको. कोकिळा आल्यावरही काम दोघींत वाटलं गेलं. पावडरीची मागणी वाढली होती आणि घरात दोन हात जास्तीचे होते. महिनाभरात एका सकाळी मोहिनीने भाजीवर लिंबू पिळलं आणि हात झटकन मागे घेतला.

“दाखव,” कोकिळा म्हणाली.

“काई नाई, आई.”

“दाखव म्हणलं ना.”

अंगठ्याच्या बेचक्यात दोन भेगा होत्या. तर्जनीच्या पेराभोवती कातडी कागदासारखी सुटली होती. कोकिळाची सुरुवातही त्याच जागी झाली होती.

“खाजते काय?”

“खाजते. पन तुमचे झाले ना बरे? माहेबी होतीन. मले घेऊन जाजा तुमच्यासंगं.” मोहिनी हसून म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

जेवताना मुकेशने विषय काढला. “बाबा, मोहिनीले ऊनझरीले पाठवा लागते. दोघी संगंच जातीन.”

“दोघी गेल्यावर पावडर कोन करन? तू?” किसनरावांनी वरण ओरपलं. “हिले जाऊ दे, होळीच्या आंधी. आनंदाबाईचं औंदा माघात जानं राह्यलं, त्या चालल्याच हायेत. मुकेशच्या मायले गुन आला, आता इची पाळी. दरसाल एकच जनी जाईन.”

कोकिळा पोळी वाढत होती. तिने टोपली खाली ठेवली.

“पान्यानं नाई होत ते,” ती म्हणाली. “पावडरीनं हात फुटते. पावडर सोडली का बरे होते. इले त्या खोलीत नका बसवू.”

किसनराव आधी तिच्याकडे आणि मग मुकेशकडे पाहून हसले. “ऐकलं काय? सून चालली तर पानी खोटं झालं.”

“खरं सांगून राह्यली मी.”

“सहा वर्सं काय सांगत होती मंग? तानबा जाऊन आला तो तुह्याच सांगन्यावर! अर्ध्या सिंदीले सांगतलं तू.”

“आई, तुमाले जाचं असन तर मी नाई जात,” मोहिनी हळूच म्हणाली. ते रागाने नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

“आनंदाबाईले इचारा,” कोकिळा म्हणाली. “तीन वर्सांआंधी कुंड रिकामं होतं. तरीबी हात बरे झाले. त्या होत्या संगं.”

आनंदाबाईंना हाक गेली. त्या गुडघ्यावर हात ठेवत पायरी चढल्या, दारातच टेकल्या. त्यांचा मुलगाही मागून येऊन उभा राहिला. आईला कशाला बोलावलं, ते पाहायला.

“सांगा,” कोकिळा म्हणाली, “त्या वर्सी पानी होतं काय?”

आनंदाबाईंनी कोकिळाकडे पाहिलं, मग मुलाकडे. दरवर्षी त्याच्याकडून एक बस-तिकीट काढून घ्यायला त्यांना पौषापासून गुडघे दाबत बसावं लागायचं.

“होतं ना,” त्या म्हणाल्या. “थोडं थोडं होतं. माहे तर गुडघे मोकळे झाले बाई त्या वर्सी.”

कोकिळाला त्यांचा राग आला नाही. त्या जागी तीही हेच बोलली असती.

“झालं?” किसनराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. “पोळी वाढ.”

पुढच्या आठ-दहा दिवसांत तिने जमेल ते केलं. मोहिनी खोलीकडे वळली की तिला निवडायला डाळ द्यायची, अंगणातल्या पापडांच्या राखणीला बसवायची. सोडा स्वतः मळला. दोघींचं काम दोन हातांवर आलं आणि औंदा भेगा शिमग्याआधीच उघडल्या. किसनरावांना त्या दिसल्या. “पुढल्या साली पाहू,” ते म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर मात्र त्यांनी तिला पुन्हा बोलावलं नाही.

मोहिनी निघाली त्या सकाळी कोकिळा सिंदीच्या स्टेशनवर सोडायला गेली. वर्ध्यापर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी. मुकेश तिकिटाच्या रांगेत होता. आनंदाबाई पिशवीवर बसल्या होत्या आणि दुसरीकडे पाहत होत्या.

“मोहिनी, इकडे ये,” कोकिळा म्हणाली. “सहा दिवसात भेगा भरतीन. नऊ दिवसात नवं कातडं येईन. घाबरू नको.”

“हो, आई.”

“अकराव्या दिवशी वापस नको येऊ.”

मोहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली.

“दुकानात फोन करजो. म्हनजो, फरक हाय पन पुरा नाई, तिथले पुजारी एकवीस दिवस म्हनून राह्यले. आनंदाबाई हो म्हनतीन.”

आनंदाबाईंनी आता मान वळवली. “हो म्हनीन,” त्या पुटपुटल्या. “महिना म्हनली तरी हो म्हनीन.”

“पन हात बरे झाले तर?” मोहिनीने विचारलं.

“झाले तरी. दुपारी झोपजो. कोनी उठवत नाई तिथं.”

मोहिनीने एकदा सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पदराखाली धरलेल्या तिच्या हातांकडे. तेवढ्यात गाडी आली. मुकेशने तिकिटं हातात कोंबली, पिशव्या चढवल्या. पाया पडायला मोहिनी दारातूनच वाकली आणि गाडी हलली.

“दुकान उघडतो, तू ये मागून,” म्हणत मुकेश निघून गेला.

फलाटाच्या टोकाला नळ होता. कोकिळाने त्याखाली दोन्ही हात धरले. फाल्गुनातही पाणी गार होतं. भेगांत शिरलं तेव्हा कळ खांद्यापर्यंत गेली आणि मग हात हळूहळू बधीर झाले. ती तशीच उभी राहिली, गाडीचा आवाज पूर्ण बंद झाला तरी.

“झालं काय व बाई?” मागे घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

“झालं,” कोकिळा म्हणाली आणि बाजूला सरकली.