आधी लेकीचा नंबर

घटस्फोटानंतर लेकीची पोटगी द्यायची वेळ आली, तर माझ्या सलूनवाल्या माजी नवऱ्यानं कोर्टात सरळ हात वर केले. "साहेब, दुकान कधीच बंद पडलं. आणू कुठून?" चेहरा असा, की दगडाला पाझर फुटावा!

माझ्या वकीलबाई तावातावानं उठायला लागल्या. मी त्यांना खाली बसवलं. "थांबा हो. याच्याशी संसार केलाय मी. त्याला साहेबांचे केस नीट बघू दे."

न्यायाधीशांनी कानावर आलेली बट मागे सारली. झालं, याचे हात शिवशिवले.

"साहेब, कल्ले फारच वाढलेत," हा बोलून गेला. "उद्या सकाळी लवकर या. नंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते."

साहेब हसले नाहीत. "येईन," म्हणाले, "पण आधी नंबर तुमच्या लेकीच्या पोटगीचा."