अँब्युलन्सचं डोकं

अँब्युलन्सचं डोकं काही केल्या सापडत नव्हतं. पाय सापडले होते, हात सापडले होते, लाल दिवा छातीवर आला होता. पण मानेच्या जागी नुसती खाच. बिनडोक्याच्या त्या बाहुल्याला रोबो म्हणायला बाईंची जीभ रेटत नव्हती.

बाई गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसून क्लच दाबा, आरसा बघा, आता वळा, असा तोंडाचा पट्टा चालू. त्यांच्या गाडीत कुणाला स्वतःहून काही सुचायची सोयच नव्हती. ही खेळण्यातली, उलगडली की रोबो होणारी अँब्युलन्स त्यांनी भाच्यासाठी घेतली, घरी येता येताच चाळवताना तिचा एक पाय उलगडला, अँब्युलन्स बाईंकडेच राहिली आणि भाच्याच्या हातावर शेवटी रंगपेटी पडली. पाय उलगडला तेव्हा बाईंना जे वाटलं, ते कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कुणी सांगितलं नाही, आपलं आपल्याला कळलं. आता डोकंही तसंच सापडायला हवं होतं. कुणी सांगितलं असतं तर सगळ्याचाच विचका.

आणि सांगणारा घरातच होता. त्यांच्या नवऱ्याला सगळे माहितगार म्हणत, तेही कौतुकानं नव्हे. सिनेमाला निघताना चप्पल घालता घालता शेवट सांगणारा माणूस. बाईंनी खोक्यातला सूचनांचा कागद न उलगडताच केरात टाकला आणि बजावलं, "अहो, एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?" माहितगार म्हणाले आणि समोरच भाजी निवडत बसले.

बाईंनी सगळं मिटून गाडी केली. पुन्हा उघडली. हात बाहेर काढले की मागचं दार बसेना, दार बसवलं की हात आत. कंबर फिरवून बघितली तर पावलं पाठीकडे गेली. पुढचं कोणतं, मागचं कोणतं, बाईंना उमजेना. मघाशी उघडलेला पाय कसा उघडला तेही आता आठवेना. वैतागून त्यांनी छपराला हात घातला, ते कर्र वाजलं, तोच समोरून श्वास रोखल्याचा आवाज आला.

त्यांनी हात काढला. श्वास सुटला. पुन्हा लावला, पुन्हा कर्र, तर भाजी निवडणारी बोटं थांबली.

म्हणजे छप्परच. नको होतं तेच कळलं होतं. बाईंनी रागारागानं छप्पर मागे रेटलं, कर्र वाजलं, पट्टी उलटली आणि खालून निळं, चिमुकलं डोकं खट्कन वर आलं.

बाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं. "सांगितलंतच ना शेवटी? तोंडानं नाही तर नाकानं."

"मी काय सांगितलं?" माहितगारांनी विचारलं. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"मग श्वास का धरलात?"

"कर्र कर्र वाजत होतं ते. मला वाटलं, आता मोडतंय. तुझा सगळा जीव त्यात."

"म्हणजे डोकं कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"कसं असणार? कागद तू टाकलास. मोबाइलवर शोधायला गेलो होतो, मग ठेवून दिला. म्हटलं, एकदा न बघता राहून बघावं."

"आणि हे डोळे?"

"तुझं झालं की मी करणार आहे. डोकं कुठून आलं ते मला दिसायला नको."

बाई बावचळल्या. एवढा भरलेला राग आता कुठे ठेवायचा, कळेना. श्वास त्यांचा, पण रेटलं आपण; मग हे डोकं सापडलं कुणाला? तरी आतून हसू येत होतं, आणि ते थांबेना. त्यांना फार, फार आनंद झाला होता.

त्यांनी सगळं मिटलं, अँब्युलन्स नवऱ्याच्या हातात दिली आणि भाजी आपल्याकडे ओढली. माहितगारांनी डोळे उघडले, गाडी उलटसुलट केली, आणि नेमकं नको ते दार ओढलं.

"हे इथून उघडतं का गं?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या.