चषकावरची बारा नावं

तिने चषक उलटा करून मांडीवर घेतला आणि तळाची काजळी अंगठ्याने पुसली. भिंग डोळ्याला लावलं. कारागिराचा ठसा होता, पण चांदीचा नव्हता. दोन्ही कानांवर, जिथे वर्षानुवर्षं लोकांनी हात धरले होते, तिथला मुलामा उडून आतलं पितळ पिवळं दिसत होतं.

"मुलामा," ती म्हणाली आणि चषक डावीकडच्या रांगेत ठेवला.

"हाही?" दुकानदाराने कपाळावर हात मारला. "सातवा झाला, ताई. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!"

"तो हॉकीचा बाजूला ठेवा. सत्तर वर्षांचा आहे, झाकण जागेवर आहे, खालची लाकडी बैठकही मूळची आहे. त्याला गिऱ्हाईक मिळेल. संग्राहकाला नुसता धातू नको असतो, त्यामागची हकीकत हवी असते."

बाजारात तिला सगळे पारखीबाई म्हणत. जुनी भांडी, पदकं, चषक हातात घेऊन खरं काय नि खोटं काय ते सांगायचं, हा तिचा चौदा वर्षांचा धंदा. आजची तीन खोकी एका बंद पडलेल्या शाळेतून आली होती. कुठली शाळा, हे तिने विचारलं नव्हतं आणि दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. चार वाजता गिऱ्हाईक यायचं होतं, त्याआधी सगळ्यांची किंमत ठरायला हवी होती.

तिसऱ्या खोक्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वीतभर उंचीचा चषक निघाला. कोरलेली अक्षरं ती नेहमी सगळ्यात शेवटी वाचायची. आधी वाचली की मन त्या नावांत गुंततं आणि धातूचा अंदाज चुकतो, असं तिचं म्हणणं. तिने तळ पाहिला, वजन जोखलं, कान हलवून पाहिले.

"हाही मुलामा. एका कानाचा जोड सुटत आलाय. पोटाला पोचा आहे. याला काही किंमत नाही," असं म्हणत तिने चषक उजेडाकडे फिरवला आणि अक्षरं वाचली.

तिच्या दादाचं नाव होतं. खाली 'स्मृतिचषक', आणि त्याच्याही खाली 'आठशे मीटर धावणे'.

"काय झालं?" दुकानदाराने विचारलं.

"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."

दादा सोळाव्या वर्षी तापाने गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या वर्षीच्या शर्यतीत तो पहिला आला होता. पुढल्या वर्षी आईबाबांनी शाळेला हा चषक दिला. मग त्यांनी ते गावच सोडलं. पण वर्षातून एकदा बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहाटेच्या बसने तिकडे जात, जिंकलेल्या मुलाच्या हातात चषक देत आणि संध्याकाळी परत येत. आई चहा ठेवी आणि विचारी, "या वर्षी कोण?" बाबा मुलाचं नाव सांगत. एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी हे चुकवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

बैठकीच्या पट्टीवर विजेत्यांची नावं ओळीने कोरली होती, प्रत्येकापुढे साल. तिने नखाने मोजली. बारा. पुन्हा मोजली. पट्टीवर पुढे जागा होती, ती कोरीच होती.

"ही शाळा बंद कधी झाली?" तिने विचारलं.

"शाळा यंदा झाली. पण मैदान केव्हाच विकलं होतं त्यांनी. वीस-एकवीस वर्षं झाली असतील. तेव्हापासून कसल्या शर्यती नि कसलं काय! हे सगळं माळ्यावर धूळ खात पडलेलं." दुकानदाराने चषक तिच्या हातातून घेतला. "ताई, ही नावं घासून काढली तर? कोरा म्हणून खपेल कुठल्या तरी मंडळाला."

"नको." तिने चषक परत घेतला. आवाज चढल्याचं तिला स्वतःलाच जाणवलं. "हा मी नेते. काय द्यायचं बोला."

"तुमच्याकडून काय घ्यायचं? तुम्हीच म्हणालात ना, किंमत नाही म्हणून."

"म्हणाले खरी," ती म्हणाली आणि चषक पदराने पुसू लागली.

बसमध्ये ती हिशेब लावत राहिली. म्हणजे पुढची एकोणीस वर्षं मैदान नव्हतं, शर्यत नव्हती, आणि बाबा पहाटे सदरा घालून निघत होते. कुठे जात होते? कुठल्या पारावर, कुठल्या बसथांब्यावर दिवस काढत होते? आणि घरी येऊन आईला सांगत ती नावं? तिने मनाशी ठरवलं, आईला यातलं अक्षरही सांगायचं नाही. उतारवयात तिच्या जिवाला घोर कशाला.

आई गॅलरीत पाय उन्हात सोडून बसली होती. तिच्या डोळ्यांवर आता सायीसारखा पडदा आला होता, पण कान तिखट होते. पिशवी खाली ठेवताना चषकाचा सुटत आलेला कान खणकन वाजला.

"काय आणलंस गं?"

"कामाचं आहे. एक भांडं."

"भांडं असं वाजत नाही. दे इकडे."

आईने चषक मांडीत घेतला. पोटावरून बोटं फिरवली, मोठ्या अक्षरांवर थांबली आणि तशीच थांबून राहिली. मग बोटं खाली पट्टीवर गेली. एकेक ओळ चाचपत ती शेवटापर्यंत आली, आणि पुढच्या गुळगुळीत पत्र्यावरून दोनदा फिरली.

"बाराच आहेत," आई म्हणाली.

"आई, पुढे कोरायला कुणाला वेळ झाला नसेल—"

"उगाच सारवासारव करू नकोस. मला ठाऊक आहे." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "मैदानावरून आलेल्या माणसाच्या बुटांना धूळ नको? एका वर्षी यांचे बूट मी झटकायला घेतले, तर झटकण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर मी दरवर्षी बघायचे."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर पुढल्या वर्षी गेले नसते."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.

"तू नाव ऐकून आत पळायचीस," आई म्हणाली. "पुढचं तू कधी ऐकलंच नाहीस. नाव झालं की हे शर्यत सांगायचे. मुलगा दरवर्षी वेगळा, पण शर्यत तीच. आधी मागे राहिला, मान खाली घालून पळत होता, शेवटच्या वळणावर एकदाच वर बघितलं आणि सुटला. तुझा दादा जिंकला ना, त्या संध्याकाळीही यांनी अस्संच सांगितलं होतं. शब्दाला शब्द."

मुलीने आईचा हात धरायला हात पुढे केला, पण आईचे दोन्ही हात चषकावर होते.

"मला काहीच आठवत नाही गं," ती म्हणाली. "दादा कसा पळायचा ते. मी कधी पाहिलंच नाही त्याला पळताना."

"मी तरी कुठे पाहिलं?" आई म्हणाली. "दरवर्षी बोलवायचा. म्हणायचा, आई, तू ये, तू आलीस की जिंकेन. मी म्हणायचे, घरचं कोण बघेल, पुढल्या वर्षी येईन."

ऊन आईच्या पायांवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. तिने पाय जवळ घेतले आणि बाजूची जागा हाताने झाडली.

"बस इथे," आई म्हणाली. मुलगी बसली. आईने घसा खाकरला, बाबा खाकरत तसा.

"सुरुवातीला मागेच होता," ती सांगू लागली. "चार मुलं पुढे होती त्याच्या…"