मागे बसणाऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी भित्री आहे. मोटारसायकलीने असं म्हटलं की लोक हसतात. पण जिला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही, स्टँड काढला की जी आडवी होते, तिने शूरपणाच्या गप्पा कशाला माराव्यात? माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीही मला धास्तीच वाटते. तरी सांगते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कोणी माझी चाकं बसवली, कोणी साखळी ओढून पाहिली. शेवटी एका म्हाताऱ्या तपासनिसाने माझा ब्रेक तीनदा दाबला आणि पुटपुटला, "जा, सांभाळून जा." इतर गाड्यांनाही तो असंच म्हणत असेल. मी मात्र ते मनाला लावून घेतलं.

मला जिने विकत घेतलं ती शिलाई मशिनं दुरुस्त करायची. गावभर तिला मशिनताई म्हणत. माझ्या मागच्या सीटवर तिने एक पत्र्याची पेटी चार बोल्टांनी घट्ट बसवून घेतली होती. तीत स्क्रू ड्रायव्हर, तेलाची बुधली, पट्टे, बॉबिनी आणि सुयांच्या पुड्या असत. शिंप्यांच्या दुकानांतून उरलेल्या चिंध्यांनी ती मला रोज पुसायची. एक दिवस फुलाफुलांची चिंधी, दुसऱ्या दिवशी चौकड्यांची. "गाडी कसली, माझा उजवा हात आहे," असं ती म्हणायची तेव्हा माझा भित्रेपणा घटकाभर पळून जायचा.

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा ते हातात पेन घेऊन वाचायचे. आता एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, तरी भिंग घेऊन वाचायचे. माझ्यापासून मात्र दोन हात लांब. "दोन चाकांवर काय भरवसा?" ते म्हणायचे. आमचं त्या बाबतीत एकमत होतं.

एका सकाळी विमेवाला अंगणात आला. वडिलांनी माझ्या सीटचंच टेबल केलं आणि त्यावर अर्ज पसरला. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काका, सगळ्यात साधा विमा म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई," विमेवाला म्हणाला. "तो घ्यावाच लागतो. त्याच्या पुढचा घेतलात, तर गाडी मोडली, जळली, चोरीला गेली तरी गाडीची भरपाई."

मोडली, जळली, चोरीला गेली! मित्रांनो, माझ्या टाकीतलं पेट्रोल थिजलं. तोवर मला पडायचीच भीती होती. जळण्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

"पुढचाच घ्या," मशिनताई म्हणाली. "हिला काही झालं तर माझं काम बसलं."

"बरोबर. आणि चालवणाऱ्याला लागलं तर त्याचा विमा वेगळा जोडायचा. मागे बसणाऱ्याचाही."

वडिलांनी चालवणाऱ्याच्या रकान्यात मुलीचं नाव लिहिलं आणि भिंग शेवटच्या रकान्यावर धरलं. "मागे बसणारा. इथे कोण बसतं?"

"बाबा, तिथे पेटी बसते," मशिनताई हसली.

"मग माणूस कशाला लिहायचा? खोटं लिहायचं नाही."

"अहो काका, यात खोटं काय? कधी कोणी बसलंच तर! थोडेसे जास्त पडतील, पण डोक्याला ताप नाही."

"पैशांचा प्रश्न नाही. जे नाही ते कागदावर नको."

"त्यांना स्वल्पविराम जास्त झालेला चालत नाही," मशिनताई विमेवाल्याला म्हणाली, "आणि तुम्ही अख्खा माणूस घालायला सांगताय!"

तिघंही हसले. वडिलांनी त्या रकान्यावर पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली. पेनाचा दाब मला सीटवर जाणवला. का कोण जाणे, मला ती रेघ आवडली नाही.

पुढे चार महिने काही झालं नाही. मग वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. नऊच्या आत इस्पितळात पोहोचायचं होतं आणि नेमका त्याच दिवशी बसचालकांनी संप केला. एकही रिक्षा रिकामी मिळेना.

"चालत जाऊ," वडील म्हणाले.

"चार किलोमीटर? त्या डोळ्याने? थांबा, पेटी काढते."

तिने पाना आणला आणि चारही बोल्ट काढले. त्या रेघेची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही. मला झाली. मी तिच्या पहिल्या किकला सुरू झाले नाही, दुसऱ्याही नाही. माझ्या हातात तेवढंच होतं. तिसऱ्या किकला मात्र इंजिनने माझं ऐकलं नाही.

वडील मागे बसले. त्यांनी तिच्या खांद्याला असं काही धरलं की ती म्हणाली, "बाबा, खांदा मोडाल माझा."

"तू समोर बघ. बोलू नकोस."

एवढं हळू मी आयुष्यात धावले नव्हते. प्रत्येक खड्डा मला विहिरीएवढा दिसत होता. इस्पितळाची पाटी दिसू लागली आणि मी जरा सैल झाले. त्याच वळणावर कोणाच्या तरी गाडीतून तेल सांडलेलं होतं. माझं मागचं चाक सरकलं. मशिनताईने मला सावरायची पराकाष्ठा केली. पण मी आडवी झाले, तिचं मनगट मुरगळलं आणि वडील फुटपाथच्या कडेवर पडले. ते ओरडले नाहीत. "माझा पाय," एवढंच म्हणाले.

खुब्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर झालं तर चालतील, नाहीतर खाटेवरच राहतील.

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते. माझ्या टाकीचा पोचा निघाला. नवा आरसा आला, नवा दिवा आला, रंगसुद्धा मिळाला. मशिनताईच्या मनगटाचा खर्चही विम्यातून निघाला. फक्त वडिलांच्या हाडासाठी कागदावर जागा नव्हती. विमेवाला मान खाली घालून म्हणाला, "काका, मी तेव्हाच तुम्हाला जोर करून सांगायला हवं होतं."

"तू सांगितलंस. चूक माझी. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या आणि..."

"बाबा, गप्प पडून राहा बघू," मशिनताई म्हणाली. "तुमच्या पायाच्या ऑपरेशनसाठी मी गाडी विकतेय."

"आणि काम?"

"पायी करीन. मशिनं काही पळून जात नाहीत."

मी कोरी करकरीत दिसत होते, म्हणून किंमत चांगली आली. एका नळदुरुस्तीवाल्याने मला नेलं. जाताना तिने मला पुसलं नाही. बहुधा तिला ते जमलं नसावं.

काही महिन्यांनी नवा मालक तिच्याच गल्लीत नळ बसवायला गेला. मी शेजारच्या फाटकापाशी उभी होते. वडील काठी टेकत ओसरीवर चालत होते. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. "अजून एक फेरी," मशिनताई आतून ओरडली. "फेऱ्या मोजतेस की मला छळतेस?" वडील म्हणाले आणि वळले. मित्रांनो, माझ्या विकण्याचं मला तेव्हापासून दुःख नाही.

भीती मात्र गेलेली नाही. नळवाला दर रविवारी आपल्या आईला माझ्यावर बसवून तिच्या बहिणीकडे नेतो. ती माउली मागे बसून निवांत गप्पा मारते आणि मी वळणावळणावर कापते. त्याने कोणता विमा घेतलाय, कोणावर रेघ मारलीय, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्ही आम्हा गाड्यांना पुसता, तेल देता, हवा भरता, तुमचे उपकार आहेत. पण विमा निवडताना आज सीटवर कोण आहे एवढंच पाहू नका. उद्या कोणाला बसवावं लागेल, तेही आठवा. घरातल्या कागदावर कोण आहे आणि कोण राहून गेलंय, ते आजच वाचून बघा. मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं.