एकशे एकोणसाठ रुपये तीस पैसे

सुंदराबाईंच्या सहा पेट्यांतल्या मधमाशांना यंदा जांभळाच्या मोहोराने चांगलाच हात दिला होता. मधाच्या चौकटी काठोकाठ भरल्या होत्या, वर मेणाचं पांढरं झाकण चढलं होतं, आणि पेटी उचलून बघताना त्यांच्या नवऱ्याच्या, रामाच्या कंबरेतून कळ निघत होती. इतकं सगळं मनासारखं असूनही सुंदराबाईंना चार दिवस चैन नव्हती. मध काढायचं यंत्र अठरा किलोमीटरवर, महाडात अडकून पडलं होतं.

आजवर त्या पोळं कापून फडक्यात पिळत. मध मिळे, पण पोळ्याचा चोथा होई. मग माशांनी मेण करून पहिल्यापासून घर बांधायचं, आणि ते बांधून होईपर्यंत झाडांची फुलं सरलेली असायची. यंत्राचं तसं नसतं. पिंपात चौकटी उभ्या करून दांडा फिरवला की मध बाहेर उडतो आणि पोळं शाबूत राहतं. ते पुन्हा पेटीत ठेवलं की माशा लगेच भरायला लागतात. पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी त्यांची वाडी होती आणि तिथल्या रानात हिरडा फुलायला लागला होता. रिकामी पोळी या आठवड्यात पेटीत परत गेली, तर पावसाच्या आधी आणखी एकदा मध निघणार होता. नाही गेली, तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायची.

नवं यंत्र नऊ हजारांना होतं. शिमग्याला भांडुपहून मुलगा सुहास आला, तेव्हा सुंदराबाईंनी त्याच्या हातात मधाचे साठवलेले साडेचार हजार ठेवले आणि म्हणाल्या, "जुनं कुठं मिळतंय काय बघ रे तुझ्या मोबाइलवर."

सुहासला मिळालं. जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर महाडच्या चारुशीलाबाई म्हणून कोणी होत्या. 'स्टीलचं यंत्र, चार चौकटींचं, चार वर्षं वापरलेलं, किंमत साडेचार हजार, ठाम.' पण सुहासला मागे एकदा मोबाइलच्या डब्यातून फरशीचा तुकडा आला होता. तेव्हापासून अनोळखी माणसाला तो थेट एक रुपयाही पाठवत नसे. त्याने ॲपमधली राखणीची सोय निवडली आणि कार्डाने पैसे भरले. ते पैसे ॲपकडे राहणार. वस्तू हातात आली की घेणाऱ्याने एक चार आकडी क्रमांक सांगायचा, मगच ते विकणाऱ्याला मिळणार. या राखणीचे तीन टक्के, त्यावर कर, असे एकशे एकोणसाठ रुपये तीस पैसे ॲपने कापले, आणि कापले ते चारुशीलाबाईंच्या पैशांतून.

चारुशीलाबाईंचा निरोप आला : किंमत ठाम लिहिली होती. माझ्या हातात चार हजार तीनशे चाळीस रुपये सत्तर पैसे येतात. उरलेले पाठवावेत, मग यंत्र देते.

सुहासने उत्तर दिलं : मी पूर्ण साडेचार हजार भरलेत. कापले ते ॲपने, मी नाही.

यावर दोघंही अडून बसले.

"तू देऊन टाक ना रे," सुंदराबाई पाचव्या दिवशी सकाळी फोनवर म्हणाल्या.

"आये, प्रश्न पैशाचा नाय. विकणाऱ्याचा खर्च विकणाऱ्याने करायचा. सगळीकडे तोच रूल हाय."

"आणि नाय दिलं तिनं तर?"

"सात दिवसांनी सौदा आपोआप कॅन्सल. पैसे दहा दिवसांत कार्डावर परत. आपलं काय जातंय?"

"हिरडा जातोय," सुंदराबाई म्हणाल्या.

ओट्यावर बसलेल्या रामाने तोंडातली काडी काढली. "महाड पोलादपूर अठरा किलोमीटर. पैसं मात्र मुंबईला जाऊन बसलं. तुझ्या लेकाला सांग, पुढल्या वेळी मीठ पण तिकडूनच धाड म्हणावं."

"तुम्ही गप बसा हो."

"मी कुठं बोललो? मी बसलोय." मग काडी पुन्हा तोंडात घालता घालता तो म्हणाला, "तू जा की. बाईमाणसाला अर्धं तिकीट हाय."

सुंदराबाईंनी डब्यातले तीनशे रुपये कनवटीला लावले आणि सव्वानऊची एसटी धरली.

महाडच्या डेपोपासून चवदार तळ्यापर्यंतचा रस्ता त्यांना डोळे मिटून ठाऊक होता. दर मार्चला त्या सगळ्या वाडीबरोबर तिथे येत. जाहिरातीत नुसतं 'तळ्यामागे' असं होतं, आणि तिथल्या गल्ल्यांत मात्र त्या कधी शिरल्या नव्हत्या. दोन ठिकाणी विचारावं लागलं. "विज्ञानाच्या बाई का? त्या निळ्या फाटकाच्या," एका दुकानदाराने सांगितलं.

निळ्या फाटकामागे एक उंच, सडपातळ बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. एका गुडघ्याला पट्टा बांधलेला होता.

"मी सुहासची आई. पोलादपूरवरनं आले. यंत्रासाठी."

चारुशीलाबाईंनी झारी खाली ठेवली. "तुम्ही स्वतः आलात? या. आधी बसा." त्यांनी पाणी आणून दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि मग समोरच्या खुर्चीत सावकाश, एक पाय लांब करून बसल्या. "तुमच्या मुलाने मला चार दिवसांत एकवीस निरोप पाठवले. मी मोजले. नियम फार समजावून सांगतो."

"मुंबईला राहतो. तिकडं बोलायला पैसं पडत नायत."

चारुशीलाबाई हसल्या, पण लगेच सरळ झाल्या. "स्पष्टच सांगते. उद्या माणगावहून एक गृहस्थ येणार आहेत, रोख साडेचार हजार घेऊन. हा सौदा मी आजच मोडणार होते. मोडला की तुमच्या मुलाचे पैसे त्याला परत मिळतील. मग मी त्यांना द्यायला मोकळी. माझा तुमच्यावर राग नाही. मी ठाम लिहिलं होतं, एवढंच."

सुंदराबाई उठून उभ्या राहिल्या. "यंत्र बघू तरी द्या."

यंत्र मागच्या पडवीत होतं. स्वच्छ पुसलेलं पिंप, आत चार चौकटींचा पिंजरा, वर दांडा, खाली तोटी. सुंदराबाईंनी दांडा धरून हळूच एक फेरा दिला. पिंजरा आवाज न करता फिरला आणि हात काढल्यावरही बराच वेळ फिरत राहिला. त्या बघतच राहिल्या.

"किती पेट्या तुमच्या?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"सहा. सातेरी माशी. आजवर पिळूनच काढला मध."

"आणि पोळी?"

"गेली ती. माशा बिचाऱ्या परत बांधतात."

"एक किलो मेण करायला माशा सात-आठ किलो मध खाऊन टाकतात, माहीत आहे?"

"किलो नाय माहीत," सुंदराबाई म्हणाल्या. "पण पिळल्यावर महिनाभर पेटी हलकीच राहते, ते माहीत हाय."

चारुशीलाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. वर्गातल्या मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आल्यावर बघावं, तसं.

तेवढ्यात सुंदराबाईंचा फोन वाजला. सुहास होता. आवाज मोठा, पडवीभर ऐकू येणारा. "आये, बाबा बोलले तू महाडला गेलीस? ऐक, पैसे द्यायचे नाय हां! दिलेस तर आपण हरलो."

"कुणाबरोबर शर्यत लावलीस रे?"

"तत्त्वाची गोष्ट हाय. फी त्यांची."

 सुंदराबाईंना भांडण ऐकू येत नव्हतं, त्या घाटरस्त्यावर मध विकायच्या आपल्या टेबलाचा विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "सुहास, मी फाट्यावर मध विकते तेव्हा बाटलीचे पंधरा रुपये कुणाकडून घेते?"

"ज्याला बाटली पायजे त्याच्याकडून."

"आणि शेजारची आवडी घरची बरणी घेऊन येते, तिच्याकडून?"

"तिच्याकडून कशाला घेशील? पण याचा काय संबंध?"

"तुला भरवसा नव्हता. म्हणून तू पैसं बाटलीत घालून दिलंस. तुझं काय चुकलं नाय, एकदा फसलास तू. पण बाटली तुला लागली ना? मग बाटलीचं पैसं आपलं. त्यांच्या मधातून कसं कापायचं?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. सुहास कारखान्यातून बोलत होता. "पण आये, रूल..."

"रूल ॲपचा. मी आपला सांगते. मी थोड्या वेळानं फोन लावते, तू उचल."

फोन ठेवून त्यांनी कनवटीच्या नोटा काढल्या आणि मोजायला लागल्या. शंभर, पन्नास, दहा.

"थांबा," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "तुमच्या बाटलीचा हिशेब मला पटला. पण एक अडचण आहे. समजा एखाद्या दुकानात सुटा मध मिळतच नाही, सगळा बाटलीतच. तिथे गिऱ्हाईक काय करणार?"

"मग दुकानदारानं पाटीवर बाटलीसकट भाव लिहायचा. आधी सहाशे लिहायचं आणि हातात बाटली दिल्यावर पंधरा मागायचे, हे बरं दिसत नाय. गिऱ्हाईक चिडतं."

 आत जाऊन चारुशीलाबाईंनी चष्मा आणि मोबाइल आणला आणि स्वतःची जाहिरात पुन्हा वाचली. 'घरी येऊ नये, व्यवहार ॲपवरूनच' असं तिथे त्यांनीच लिहिलं होतं.

"मी एकटी राहते," त्या म्हणाल्या. "कोणीही उठून दारात येऊ नये म्हणून हे लिहिलं. म्हणजे दुकानात सुटा मध मीच ठेवला नव्हता. आणि पाटीवर फीबद्दल एक अक्षर नाही. चार दिवस मी तुमच्या मुलाच्या निरोपांत चूक शोधत होते."

"मग आता?" सुंदराबाईंनी विचारलं. नोटा अजून हातातच होत्या.

"राखण त्याने निवडली हे खरं. ती निवडायला भाग थोडं मीही पाडलं. तुम्ही शंभर द्या. वरचे एकोणसाठ रुपये तीस पैसे पाटी नीट न लिहिल्याचे, ते माझे."

"किंमत ठाम होती ना बाई?" सुंदराबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

चारुशीलाबाई या वेळी मोकळेपणी हसल्या. "आता तुम्ही मला शिकवा! आणा शंभर, नाहीतर पुन्हा विचार करीन."

सुंदराबाईंनी शंभराची नोट दिली. ती चारुशीलाबाईंनी घडी न घालता वहीत ठेवली. मग सुहासला फोन लागला. शंभरावर सुटलं हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे आपण पण थोडे जिंकलो," आणि आईने डोळे वटारल्याचं त्याला भांडुपला कळलं असावं, कारण त्याने लगेच चार आकडे सांगून टाकले. चारुशीलाबाईंनी ते एकेक करून दाबले. पैसे आल्याची घंटी वाजली. माणगावच्या गृहस्थांना त्यांनी तिथेच उभ्या उभ्या 'यंत्र गेले, क्षमस्व' असं कळवलं.

चहा झाला. चहाबरोबर पाऊण तास यंत्राचं बोलणं झालं. आधी चौकटीची एक बाजू थोडी रिकामी करायची, मग उलटून दुसरी पूर्ण आणि शेवटी पुन्हा पहिली, नाहीतर भरलेलं पोळं स्वतःच्याच वजनाने मोडतं. सुरुवात हळू. वेग वाढवायचा तो शेवटी. सुंदराबाईंनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. पिंप रिक्षात घालून चारुशीलाबाई दुखऱ्या गुडघ्याने डेपोपर्यंत आल्या. कंडक्टरने पिंपाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. ते सुंदराबाईंनी न विचारता दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पडवीत गोणपाट अंथरलं गेलं. सुंदराबाईंनी सुरीने मेणाची झाकणं सोलली आणि चार चौकटी पिंजऱ्यात उभ्या केल्या. दांडा रामाकडे होता.

"हळू हो. हळू सांगितलंय बाईंनी."

"हळूच फिरवतोय गो. याच्यापेक्षा हळू म्हणजे थांबणंच."

पिंपाच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांचा सडा पडायला लागला. सुंदराबाईंनी चौकटी उलट्या केल्या. रामाने पुन्हा दांडा धरला, या वेळी जरा जोराने. थोड्या वेळात तोटीखालच्या पातेल्यात जाड, तांबूस धार लागली आणि तुटेना.

सुंदराबाईंचं लक्ष मात्र धारेकडे नव्हतं. पुन्हा उलटून पहिली बाजूही रिकामी झाल्यावर त्यांनी पहिली चौकट बाहेर काढून उजेडात धरली. सहाकोनी घरं सगळी रिकामी, भिंती सगळ्या उभ्या. एका कोपऱ्यात नखाएवढा तुकडा मोडला होता, बस.

त्या चौकट घेऊन जांभळीखालच्या पेटीकडे गेल्या, झाकण उचललं आणि ती जागेवर सोडली. माशांनी थोडा वेळ गोंधळ घातला. मग एक उतरली, तिच्यामागे पाच-सहा, आणि बघता बघता पोळ्याचा तो कोपरा माशांनी काळा झाला. मोडलेला तुकडा सांधायला त्यांनी सुरुवात केली होती.

"काय करतायत?" रामाने पडवीतून विचारलं.

"कामाला लागल्यात," सुंदराबाई म्हणाल्या. "दुसरी चौकट आणा."