हरलो म्हणल्याबिगर डबा उघडत नाई

भुलाबाईचा खाऊ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं निदान त्याचा व्हिडिओ तरी काढू नये! पण अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या रजतच्या पोट्ट्यांनी काढला, आणि हिंगणघाटजवळच्या त्या विद्यापीठात सकाळी सकाळी आग लागली.

व्हिडिओत होतं एवढंच. काल तिन्हीसांजेला विद्यार्थी परिषदेच्या खोलीतून चार पोरी बाहेर पडतात. पुढे हॉस्टेलची मोनाली, तिच्या हातात ओढणीत गुंडाळलेला पत्र्याचा डबा. वर्षाली तो डबा घेते, कानाशी धरून खडखड हलवते आणि खिदळते. आता वर्षाली अध्यक्षपदाची उमेदवार, रजतच्या विरोधातली, आणि त्याच खोलीच्या कपाटात कालच्या मतदानाची सीलबंद पेटी. मोजणी आज व्हायची होती. मग काय विचारता! कॅन्टीनचे तर्रीपोहे संपेस्तोवर "पेटी हलवली"ची "मतं बदलली" झाली होती.

कुलसचिव वासुदेवराव तर निमित्ताचीच वाट पाहत होते. "मी आधीच म्हटलं होतं, निवडणूक म्हणजे नसती ब्याद. आज मिटलं नाही तर मतदान रद्द. पूर्वीसारखी मार्कांवरून नेमणूक करू."

हे सगळ्यात जास्त लागलं ते पौर्णिमाला. ती मावळत्या परिषदेची सचिव. ही निवडणूक तिच्याच हट्टापायी झालेली. मार्कांवरून नेमलेला पोरगा साहेबांचा असतो, पोरांचा नसतो, हे सांगत ती दोन वर्षं या दारातून त्या दारात हिंडली होती. काल गिरड-तळेगावसारख्या गावांतल्या पोरी मतदानाच्या रांगेत उभ्या पाहून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. आणि आता ते सगळं मातीत जायची पाळी आली, तीही कुणामुळे? तिच्याचमुळे. खोलीची किल्ली तिच्याकडे होती.

झालं होतं असं. हॉस्टेलात भुलाबाईची, म्हणजे विदर्भातल्या भोंडल्याची, गाणी चालू होती. रीत अशी की गाणी संपली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. नाही ओळखता आला तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतो आणि खाऊ सगळ्यांना मिळतो. पण हॉस्टेलच्या पोरी मुंग्यांपेक्षा वाईट! कुठंही लपवा, आधीच झाकण उघडून पाहतात. म्हणून काल दुपारी मतदान उरकल्यावर मोनाली म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीत ठेवू द्या ना, तिथं कोणी शोधत नाई." पौर्णिमाच्या घरी भुलाबाई बसत नसे, पण हॉस्टेलात खाऊ ओळखायला तीच सगळ्यांच्या पुढे. तिनं दोनदा खोली उघडून दिली, डबा ठेवायला आणि न्यायला. मतपेटी असलेली खोली! अक्कल काय गहाण ठेवली होती? रात्री डबा कुणालाच ओळखता आला नाही, हरलो म्हणायला कुणी तयार नाही, म्हणून तो तसाच बंद राहिला.

दुपारी सभागृह गच्च भरलं. रजत उभा राहिला. "मले एकच सांगा. खोली कोणी उघडली?"

वर्षालीनं पौर्णिमाचा हात दाबला. "ताई, गप राहा. कडी तुटकी होती म्हणू."

क्षणभर पौर्णिमाला ते फार गोड वाटलं. मग ती उठली. "मी उघडली. खाऊच्या डब्यासाठी. पेटीले कोणी हात लावला नाई, पण खोली उघडायची नव्हती. चूक माही हाय."

"मग तुमच्यावर भरोसा कसा ठेवू?"

"माह्यावर नको ठेवू. सीलवर तुही सही हाय, जाऊन पाह्य. मले मोजणीतून काढा. पण लोकायची मतं काऊन फेकता? त्याह्यनं काय केलं?"

पेटी समोर आणली. रजतनं सीलची लाख बोटानं चाचपली, स्वतःची शेपटीवाली सही निरखून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. पण माघार घ्यायची कशी? त्याची नजर टेबलावर पुरावा म्हणून ठेवलेल्या खाऊच्या डब्याकडे गेली. "अन् यात काय हाय?"

"ओळख!" मोनाली म्हणाली.

सभागृह हसलं. रजतनं डबा उचलून कानाशी धरला. "फुटाणे."

"नाई."

"खोबऱ्याच्या वाट्या?"

"नाई."

"सांगून टाक ना वं!"

"हरलो म्हण. त्याबिगर डबा उघडत नाई."

"मी अजून हरलो नाई," रजत म्हणाला आणि डबा खाली ठेवला. त्याची पोरंसुद्धा हसली. मग तो कुलसचिवांकडे वळला. "मोजा सर. फक्त ह्या ताई आत नकोत."

ते पौर्णिमाला झोंबलं. जिच्यासाठी एवढी उस्तवार केली ती मोजणी तिला पाहायलाही मिळायची नव्हती. पण त्याचं चुकलं कुठं होतं? ती निमूट बाहेर कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसली. मागोमाग मोनाली आली आणि तिच्या मांडीवर डबा ठेवून म्हणाली, "ताई, हा सांभाळा. तुम्ही उघडून नाई पाहणार." तेव्हा मात्र पौर्णिमाचे डोळे भरून आले.

आतून नावं ऐकू येत होती. वर्षाली, रजत, रजत, वर्षाली. ऊन कलल्यावर एकच गलका झाला. वर्षाली थोडक्यात निवडून आली होती.

रजत बाहेर आला. मागून त्याची पोरं तोंड पाडून. एक म्हणत होता, "भाऊ, पुन्हा मोजायले लाव." पौर्णिमा धसकून उभी राहिली. आता हा काय बोलतो?

रजतनं हात पुढे केला. "हरलो," तो म्हणाला. "उघडा आता."

तिनं झाकण काढलं. आत वर्ध्याचा गोरसपाक होता, गाईच्या तुपातली ती खुसखुशीत बिस्किटं.

"अरे बाप्पा! आपल्या जिल्ह्यातलाच निघाला की!" रजतनं एक तोंडात टाकला आणि डबा पोरांकडे सरकवला. "घ्या बे. हरलेल्यालेही भेटते." मग भरल्या तोंडानं पौर्णिमाला म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी दोन कुलपं लावू. एक किल्ली आमच्याकडं."

"पुढच्या वर्षी" एवढंच पौर्णिमाला नीट ऐकू आलं. तिनंही एक गोरसपाक उचलला.