पुनाराम कोटवाराची मुनादी

“चंपाबाईत तवा जीव होता, एवढंच सांगजो काका,” सरपंच नूतनबाईचा नवरा राकेश तिसऱ्यांदा बजावत होता. “बिमार माणसाले आणाले ट्रॅक्टर देला, तर गुन्हा नाही. मेलेलीले आणाले देला, तर नूतनचं पद गेलं.”

किरनापूरच्या कचेरीतल्या बाकावर पुनाराम कोटवार बसला होता. तीस वर्षं डफडं वाजवून सरकारच्या हुकमाची मुनादी, म्हणजे दवंडी, देणारा माणूस. गावानं त्याच्या तोंडून कधी खोटं ऐकलं नव्हतं. आज मात्र त्याची तयारी होती. चंपाबाई त्याची बायको. ती बालाघाटच्या दवाखान्यात वारली, तेव्हा शववाहन मिळेना. नूतनबाईनं पंचायतीच्या ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर सोडवला, ट्रॉली जोडली आणि धाडून दिली. गावाला अर्धा दिवस पाणी मिळालं नाही. उपसरपंच हेमराजनं नेमकं तेच धरून अर्ज केला: सरकारी गाडी खासगी कामाला. आधीच्या सरपंचानं तलावाचा मुरूम विकून दुमजली घर बांधलं, तेव्हा ह्याच हेमराजला अर्ज लिहायला कागद सापडला नव्हता.

पुकारा झाला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी पुनारामकडे पाहिलं. “महिला जीवित थी?”

“हौ, सा...”

“नाही साहेब,” शेजारी उभी असलेली नूतन मध्येच म्हणाली. “चंपाबाई सकाळीच गेलती. मले मालूम होतं.”

राकेशनं कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन उचलला. “फिर तो निजी काम हुआ,” ते हळू म्हणाले.

बाहेर आल्यावर पुनारामला भडभडून आलं. “काहून बोलली बाई? मी म्हणत होतो ना.”

“आज खोटं बोलसान, मंग उद्या तुमी डफडं वाजवसान, त लोकायनं कायले आयकावं काका? माह्यासाठी नोको.”

आठ दिवसांनी नूतनला पदावरून काढल्याचा हुकूम आला. मुनादी करायची होती पुनारामलाच. तीन गल्ल्या त्यानं खाली मान घालून केल्या. नूतनच्या दारात हात उचलेना. तो पाय चोरून पुढं निघाला.

ती घरापुढच्या सपरीत तांदूळ पाखडत होती. “काका, हे घर गावात नाही का?”

तो वळला. डफडं वाजलं. नाव, तारीख, कलम, सगळं त्यानं म्हटलं. कारण आलं, ‘निजी काम’. तिथं तो थांबला, आणि जन्मात पहिल्यांदा सरकारच्या हुकमात त्यानं पदरचं घातलं. “ते काम म्हणजे माही चंपा होती.”

नूतननं सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि मुनादी संपेपर्यंत उभी राहिली.

मग पुनाराम आल्या वाटेनं मागं फिरला. आधीच्या तीन गल्ल्यांत मुनादी अर्धीच झाली होती.